वसईचे विसरलेले वादळ

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्या उमेळे गावातून मी आपणांशी बोलावयास आलो आहे, तेथे बर्फ कधी पडला नाही. आमचे गाव वसईच्या सखल पट्टीतले. दक्षिणेस वसईची खाडी, नायगावच्या बाजूस मिठागरे, मधून मधून उरलेली भातखाचरे व केळीच्या बागा, आणि त्यांच्या कडेकडेने दरवर्षी पुढे सरकणारी नवी वस्ती. ह्या किनाऱ्यावर थंडीने मोठी मजल मारली ती २२ जानेवारी १९६२ रोजी. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. वडीलधारी माणसे त्या थंडीची आठवण पुष्कळ वर्षे सांगत असत. परंतु पाणी गोठावयास तेव्हाही सात अंश बाकीच होते! गारांचा पाऊससुद्धा आमच्याकडे अपूर्वाईचा. एखादे वर्षी चार गारा पडल्याच, तर मुले त्या ओंजळीत धरून घरोघर दाखवीत फिरतात.

असे असूनही माझ्या भाषणाचा आरंभ मी एका हिमवादळाने करणार आहे, आणि तेही सातासमुद्रांपलीकडच्या. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास डेव्हन व कॉर्नवॉल असे दोन परगणे आहेत. समुद्राच्या सान्निध्यामुळे तेथील हवा त्या देशाच्या मानाने उबदार असते आणि हिवाळा सौम्य जातो. अशा ह्या मुलुखावर ९ मार्च १८९१ रोजी, म्हणजे हिवाळा सरत आला असे लोक मानीत असताना, पूर्वेकडून भयंकर वारा सुटला व त्याबरोबर बर्फ कोसळू लागला. चार-पाच दिवस हा कहर चालला. आगगाड्या उतारूंसह बर्फात रुतून बसल्या, किनाऱ्यालगत कित्येक गलबते फुटली, हजारो मेंढरे गाडली गेली आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ह्याहून कितीतरी अधिक बर्फ नॉर्वेत किंवा रशियात दरसाल पडतो. तेथे त्याची कोणी बखर लिहीत नाही. डेव्हनमध्ये मात्र त्या वर्षाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कारण उघड आहे. जे संकट दरसाल येते त्याची घरे, रस्ते व माणसे ह्यांना सवय असते. जे शंभर वर्षांतून एकदा येते ते घराचा दरवाजा उघडाच असताना आत शिरते.

आपल्या महाराष्ट्रातही ह्याचा दाखला आहे. २०१४ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र ह्या भागांत गारपिटीने जो अनर्थ केला, तो अनेकांच्या स्मरणात असेल. गारपीट त्या भागांना अगदीच अनोळखी नव्हे. परंतु एखाद्या शिवारात घटकाभर पडून जाणारी गार निराळी, आणि दिवसामागून दिवस जिल्ह्यांमागून जिल्हे झोडपून काढणारी गार निराळी. काही ठिकाणी शेतांवर पांढरी चादर अंथरल्यासारखे दृश्य दिसत होते. कापणीस आलेला गहू, हरभरा व ज्वारी, वेलीवरील द्राक्षे, झाडावरील डाळिंबे ह्यांची माती झाली. सौम्य मुलुखावर बर्फाचे वादळ ज्या रीतीने येते, त्याच्या सर्वांत जवळचे रूप आपल्या पठाराने पाहिले ते हेच.

परंतु घाटाखालच्या आम्हां किनाऱ्यावरील लोकांचे दुर्मीळ संकट आकाशातून पडत नाही. ते समुद्रातून चालून येते. ते म्हणजे चक्रीवादळ. आणि आज मला सांगावयाचे आहे ते हेच, की आमच्या ह्या शांत समजल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर अशी वादळे येऊन गेलेली आहेत. पण दोन वादळांमधील अंतर हे माणसाच्या आठवणीहून मोठे पडल्यामुळे आम्ही ती विसरलो आहोत. ह्या विसरभोळेपणात माझाही वाटा आहे. तो आधी कबूल करतो, मग पुढे जातो.

मी चौतीस वर्षे शाळामास्तर होतो. इतिहास माझा आवडता विषय. दरवर्षी मुलांना घेऊन मी वसईचा किल्ला पाहावयास जात असे. आमच्या गावापासून तो दोनेक कोसांवर. तेथे सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली मुलांना बसवावे आणि सांगावे, की १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यांनी येथे तटबंदीचे श्रीमंत शहर उभारले, आणि मे १७३९ मध्ये चिमाजीआप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज फोडला व वसई घेतली. मुले भारावून जात. एके वर्षी मात्र मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "सर, लढाई तटाशी झाली. मग आतल्या देवळांची छपरे कोणी नेली?" मी त्याला थोडक्यात उत्तर दिले, "लढाईत सगळेच जाते." उत्तर ऐकून वर्ग हसला आणि तो मुलगा गप्प बसला. प्रश्न चांगला होता आणि उत्तर वाईट होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ते कळले ठाणे जिल्ह्याचे जुने इंग्रजी गॅझेटियर चाळताना. हा ग्रंथ १८८२ साली छापला गेला. त्यात वसईच्या वृत्तान्तात १६१८ सालची हकीगत आहे. त्या वर्षी वसईवर एकामागून एक आपत्ती कोसळल्या. आधी रोगराई झाली. मग १५ मे रोजी वादळ उठले. वाऱ्याने समुद्र शहरात आणून घातला. लाटांच्या गर्जनेने माणसे गर्भगळित झाली. देवळांचे माथे उडाले. अवजड दगड दूरवर फेकले गेले. वादळ पुढे सरकत गेले तशी बहुतेक देवळे जमीनदोस्त झाली. दोन हजार माणसे मेली. आणि ह्या सर्वांच्या जोडीला एक लहानशी नोंद आहे, ती ही की तळ्यांतील मासे मेले.

श्रोतेहो, इतिहास वाचताना मोठ्या आकड्यांनी मन दिपते. परंतु अशा लहान नोंदींनी ते पटते. दोन हजार हा आकडा कोणी फुगवूनही सांगू शकतो. तळ्यातले मासे मेले हे मुद्दाम रचून सांगण्यात कोणाचा काय लाभ? आणि जो खाडीकाठी राहतो त्याला ह्या एका वाक्याचा अर्थ लागलीच कळतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात खारे पाणी शिरले की मासा तडफडून वर येतो. म्हणजे समुद्र नुसता वेशीपाशी आला नव्हता. तो तळ्यांपर्यंत, विहिरींपर्यंत, अर्थात शेतांपर्यंतही पोहोचला होता. आमच्या पट्टीतला शेतकरी खारे पाणी शेतात शिरण्याला किती भितो, हे मी सांगावयास नको. वारा एका रात्रीत जातो; जमिनीत मुरलेले मीठ काही पावसाळे जात नाही.

आणि त्या वर्षी पावसाळाही आला नाही. वादळानंतर पावसाने साफ पाठ फिरविली व दुष्काळ पडला. आईबापांनी पोटची मुले दलालांना उघडउघड विकावयास काढली, असे तो वृत्तान्त सांगतो. वादळात मेलेल्यांचा आकडा तरी राहिला; ह्या दुष्काळात गेलेल्यांचा तोही राहिला नाही. सेंट जोसेफचे ते मुख्य देऊळ १६०१ साली नव्याने बांधल्याचा शिलालेख होता. म्हणजे नव्या बांधणीला उणीपुरी सतरा वर्षे होतात न होतात तोच शहरावर हा घाला आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज किल्ल्यात जे भग्नावशेष दिसतात ते सगळे १६१८ च्या वादळाचे, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर एक चूक सोडून दुसरी धरल्यासारखे होईल. वादळानंतर वसई पुन्हा सावरली. शंभर-सव्वाशे वर्षे नांदली. मग १७३९ चे युद्ध झाले. आणि त्यानंतरची ओसाडी, झाडांची मुळे व पावसाळे ह्यांनी उरलेले काम केले. माझी चूक निराळी होती. ह्या शहरावर संकट आले ते एकदाच, आणि तेही माणसांच्या हातून, अशी समजूत मी शेकडो मुलांच्या मनात रुजविली. तोफांचा इतिहास आपण पाठ केला. वाऱ्याचा इतिहास वगळला. विजयाला पोवाडे मिळतात. वादळात कोणाचाच विजय होत नाही, म्हणून त्याला कोणी वाली राहत नाही.

आता हे वादळ म्हणजे काय, ते थोडे पाहू. तापलेल्या समुद्रावरील दमट हवा वर चढते, तिच्या जागी भोवतालची हवा धाव घेते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न जाता वळते. अशा रीतीने वाऱ्याचे एक प्रचंड चक्र तयार होते. आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. मधोमध वारा जवळजवळ पडलेला असतो. त्यास डोळा म्हणतात. अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यत्वे दोन वेळा संभवतात : पावसाळ्याच्या तोंडाशी मे-जूनमध्ये, आणि पावसाळा उलटल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ऐन पावसाळ्यात खालचे वारे व वरचे वारे परस्परविरुद्ध दिशांनी जोरात वाहतात, त्यामुळे चक्र जमू पाहिले तरी मोडून जाते. जी वादळे जमतात त्यांपैकी बहुतेक अरबस्तानाकडे जातात किंवा उत्तरेस गुजरातेकडे वळतात. उत्तर कोकण मध्येच सुटून जाते. आमचा किनारा शांत आहे तो एवढ्यासाठी. समुद्राने आम्हांस अभयपत्र लिहून दिले आहे म्हणून नव्हे.

ह्या चक्राच्या फिरण्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती किनाऱ्यावरील प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवी. वादळ पश्चिमेकडून आमच्या किनाऱ्यावर चढले, तर त्याच्या केंद्राच्या दक्षिणेकडील गावांवर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, आणि उत्तरेकडील गावांवर जमिनीकडून समुद्राकडे. म्हणून केंद्राच्या दक्षिणेकडील गावांवर समुद्र चढून येतो. उत्तरेकडील गावांत कौले उडतात, झाडे पडतात, पण पाण्याचा लोंढा तसा येत नाही. १६१८ साली समुद्र वसईत शिरला, ह्यावरून त्या वादळाचे केंद्र वसईच्या थोडे उत्तरेकडून गेले असावे, असा तर्क करता येतो. त्यात खाडीचे तोंड रुंद आणि पोट अरुंद असले म्हणजे आत घुसलेले पाणी फुगत जाते. आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण त्याच वेळी असले म्हणजे मग विचारावयासच नको.

१६१८ नंतर पुढे काय झाले? १७४० व १७८३ साली मुंबईस वादळांचे तडाखे बसले. १७८३ च्या वादळात सुमारे चारशे माणसे गेली. पुढील मोठे वादळ १ नोव्हेंबर १८५४ चे. तोवर मुंबई मोठे बंदर झाले होते. त्या दिवशी अवघ्या चार तासांत हजारांच्या घरात माणसे व पाच लक्ष पौंडांच्या किमतीची जहाजे आणि मालमत्ता नष्ट झाली, असा अंदाज तेव्हा करण्यात आला. त्याच सुमारास वादळांचा अभ्यासही ह्या देशात नुकताच मूळ धरीत होता. 'सायक्लोन' हा शब्द विलायतेत नव्हे, कलकत्त्यात घडला. तेथील हेन्री पिडिंग्टन ह्या गृहस्थाने खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात १८४८ साली तो वापरला. पुढे १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर वादळ आले, त्यानंतर अवर्षणेही झाली, आणि अखेर १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. कुलाब्याची वेधशाळा तर त्याच्याही आधीची, १८२६ सालची.

आता मी एका अशा वादळाकडे वळतो, जे आलेच नाही. जगातील मोठ्या वादळांच्या कित्येक याद्यांत असे लिहिलेले आढळते, की ६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आले आणि त्यात एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. मीही एके काळी हे वर्गात सांगितले आहे. आकडा गोल व प्रचंड असल्यामुळे मुले डोळे विस्फारून ऐकत. परंतु थोडा हिशेब करून पाहा. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४. एका दिवसात एक लाख, म्हणजे शहरातील दर आठ माणसांमागे एक माणूस जर मेला असता, तर एवढ्या मोठ्या खड्ड्याची गोष्ट तेथील प्रत्येक घराण्याच्या तोंडी राहिली असती. शिवाय १८८२ साली कुलाब्याची वेधशाळा चालू होती, वर्तमानपत्रे निघत होती, तारायंत्र होते, आगगाडी होती. अलीकडे हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी ह्या बाबतीत जुनी कागदपत्रे धुंडाळली. असे वादळ झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कोणीतरी कोठेतरी एक चूक छापली, दुसऱ्याने ती उतरून घेतली, तिसऱ्याने दुसऱ्याचा आधार दिला, आणि खोटे वादळ खऱ्याच्या पंक्तीस जाऊन बसले.

दैवाची गंमत पाहा. ज्या १८८२ साली १६१८ च्या खऱ्या वादळाची हकीगत ठाण्याच्या गॅझेटियरात छापली गेली, नेमक्या त्याच सालाच्या नावावर हे खोटे वादळ चढले. खरे वादळ ग्रंथात पडून राहिले. खोटे जगभर फिरले. जे झाले ते विसरावयाचे आणि जे झाले नाही ते आठवावयाचे, अशी आपली स्मृती असेल तर तिच्यावर भरवसा ठेवून घर बांधावे काय?

ह्याच्या सहाच वर्षांनी एक खरा अनर्थ झाला, आणि तो लोकांच्या ध्यानात राहिला. कच्छातील मांडवी बंदरातून ८ नोव्हेंबर १८८८ रोजी एक आगबोट मुंबईस निघाली. तिचे नाव 'वैतरणा'. आमच्या वसई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नदीचेच हे नाव. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती वादळात सापडली व सातशेहून अधिक माणसांसह बेपत्ता झाली. तिचा अवशेषही हाती लागला नाही. ही बोट विसरली गेली नाही, ह्याचे कारण गुजरातेत तिच्यावर गाणी झाली. ज्या दुःखाला गाणे मिळते ते टिकते. वसईच्या दोन हजार माणसांना गाणे मिळाले नाही.

विसाव्या शतकात २२ नोव्हेंबर १९४८ रोजी मुंबई व आसपासच्या पट्टीने चक्रीवादळाचा मार खाल्ला. माझ्या लहानपणी आमच्याकडील वयस्क माणसे त्याला नुसते 'तुफान' म्हणत; कोणते तुफान, असे विचारावे लागत नसे. मुलाचे वय सांगताना "तुफानाच्या वेळी हा पाळण्यात होता" असे म्हणण्याचा प्रघात होता. योगायोग असा, की त्याच १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींच्या बांधबंदिस्तीचा कायदा केला. समुद्र बाहेर ठेवावयाचा तर एकट्या शेतकऱ्याच्या फावड्याने तो राहत नाही, ह्याची ती कबुलीच होती. पुढे ती वयस्क माणसे गेली, आणि त्यांच्याबरोबर 'तुफान' हा शब्दही सर्वसामान्य झाला. आता आमच्या नातवंडांना ह्या शब्दाने कोणतेच साल आठवत नाही.

चालू शतकात समुद्राने आठवण करून देण्यास आळस केलेला नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' आले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरुड व अलिबाग ह्या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने आडव्या केल्या. त्या दिवशी उमेळ्यात आम्ही दारे-खिडक्या लावून बसलो होतो. सायंकाळी शेजारी म्हणाले, "उगाच भीती घातली, काहीच झाले नाही." काहीच झाले नाही, कारण केंद्र आमच्या दक्षिणेकडे चढले आणि आम्ही त्याच्या उत्तरेस पडलो. तेच जर वसईच्या उत्तरेस, दातिवरे-केळव्याच्या बाजूस चढले असते, तर शेजाऱ्यांना ते वाक्य बोलावयास वेगळी जागा शोधावी लागली असती.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' आले. हे तर किनाऱ्यावर चढलेही नाही. मुंबईसमोरून समुद्रातूनच उत्तरेस गेले व रात्री गुजरातेत घुसले. नुसते दुरून जाताना कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. भर समुद्रातील तेलविहिरींच्या क्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून साठांहून अधिक कामगार मरण पावले. आमच्या अंगणातला माझ्या वडिलांनी लावलेला आंबा त्या दुपारी मुळासकट उपटला. वीज तीन रात्री नव्हती. दिव्याच्या उजेडात बसलो असता तारीख मनात आली आणि मी उठून वही काढली. १६१८ चे वादळ १५ मे चे. हे १७ मे चे. मध्ये चारशे तीन वर्षे गेली, आणि पंचांगात अंतर पडले ते दोन दिवसांचे! त्या रात्री मला तो मागच्या रांगेतला मुलगा आठवला. आज तो कोठे आहे ते मला ठाऊक नाही. हे भाषण त्याच्या कानी पडल्यास त्याने समजावे, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मास्तरांना फार उशीर झाला. पण उत्तर दिले.

आता कोणी म्हणेल, की हवामान खाते आधीच सूचना देते. मग चारशे वर्षांपूर्वीच्या वादळाचे पुराण कशाला? सूचनेने माणसे वाचतात, हे खरे. १६१८ साली ती सोय असती तर दोन हजार माणसे मेली नसती. परंतु सूचना घर कोठे बांधावे हे सांगत नाही. ते इतिहास सांगतो. आमच्या वाडवडिलांनी गावठाण उंचवट्यावर ठेवले, शेते त्याखाली, त्याखाली बांध, बांधात उघाडी, आणि बांधापलीकडे तिवरांची झाडी. भरती आली की उघाडीची झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की शेतातले पाणी बाहेर जाते. तिवरांची मुळे लाटेचा जोर खातात, आणि मिठागरांचे मोकळे पट पावसाच्या व उधाणाच्या पाण्याला घटकाभर पसरावयास जागा देतात. हा साधा बंदोबस्त कोणी पुस्तक वाचून केला नव्हता. पाण्याने दिलेल्या धड्यांवरून केला होता. गेल्या काही दशकांत ह्या सखल जमिनींवर ठिकठिकाणी भराव पडला, झाडी तुटली, नाले अरुंद झाले. जुलै २०१८ मध्ये नुसत्या पावसाने नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, आणि मिठागरांत राहणारे कामगार पाण्याने वेढले गेले. त्या वेळी वादळ नव्हते, समुद्रही चढलेला नव्हता. त्या पावसात जर १६१८ चा समुद्र येऊन मिळाला तर काय होईल, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून करावा. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत अधिक तापत चालले आहे, आणि तापलेले पाणी हेच वादळाचे इंधन आहे, हेही त्या वेळी ध्यानात घ्यावे.

घाबरविण्यासाठी मी हे बोलत नाही. घाबरलेला माणूस दोन दिवस जागा राहतो आणि तिसऱ्या दिवशी झोपतो. मला हवी आहे ती भीती नव्हे, नोंद हवी आहे. डेव्हनमधील लोकांनी १८९१ च्या हिमवादळाच्या हकिगती लिहून ठेवल्या, छापल्या, म्हणून त्या आज मला येथे बसून सांगता आल्या. आपणही तेवढे करू शकतो. आपल्या भिंतीवर पुराचे पाणी कोठवर आले होते तेथे तैलरंगाने एक रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. घरात कोणी ऐंशी वर्षांचे असेल तर त्यांना १९४८ चे तुफान त्यांच्या आईबापांच्या तोंडून कसे ऐकले ते विचारावे, आणि ते वहीत उतरून घ्यावे. कोणते झाड कोणत्या दिशेस पडले, विहीर किती दिवस मचूळ राहिली, बांध कोठे फुटला, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. आकडा ठाऊक नसेल तर लिहू नये. ऐकीव एक लाखापेक्षा पाहिलेली एक रेघ अधिक मोलाची.

आमच्या घराच्या पडवीतील खांबावर मी अशी एक रेघ ओढली आहे, २०१८ च्या पाण्याची. तिच्या वरची जागा मोकळी ठेवली आहे. नातवंडे विचारतात, "आजोबा, वर जागा कशाला?" मी त्यांना १६१८ ची गोष्ट सांगतो. ती अजून लहान आहेत; परंतु सन आणि तारीख त्यांना पाठ झाली आहे. माझ्या शाळेत जे राहून गेले, ते घरच्या पडवीत तरी पुरे होत आहे, एवढ्यावर मी समाधान मानतो आणि आपली रजा घेतो.